अंधारातला निळा उजेड : जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स

सुट्टीहून परतताना स्टेशनबाहेरच्या दुकानदाराने माझी ५०० रुपयांची नोट जांभळ्या दिव्याखाली धरली आणि परत केली. खऱ्या नोटेतले बारीक तंतू आणि नंबर त्या दिव्यात चमकतात. माझ्या नोटेत काहीच चमकले नाही. बाबांना ती कांदे विकून मिळाली होती. हे चमकणे कोणी समजावून सांगितले, हे शोधताना मला स्टोक्स भेटले.

त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधील स्क्रीन गावी झाला. वडील पाद्री. १८४१ साली ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले आणि १८४९ मध्ये, पूर्वी न्यूटन ज्या पदावर होते, त्याच पदावर प्राध्यापक झाले. ते पद त्यांनी मरेपर्यंत सांभाळले.

क्विनाइन म्हणजे हिवतापावरचे कडू औषध. हिंदुस्थानातल्या पलटणींनाही ते दिले जाई. त्याच्या द्रावणावर उन्हात निळी झाक दिसते, हे हर्शल यांनी आधीच पाहिले होते, पण कारण कळले नव्हते. १८५२ मध्ये स्टोक्स यांनी अंधाऱ्या खोलीत फटीतून ऊन घेतले, लोलकातून त्याचे रंग पाडले आणि द्रावणाची नळी तांबड्याकडून जांभळ्याकडे सरकवत नेली. बराच वेळ काहीच नाही. पण नळी जांभळ्याच्याही पलीकडे, डोळ्यांना निव्वळ अंधार दिसतो तिथे गेली, तेव्हा ती निळी उजळली! द्रावण न दिसणारा प्रकाश शोषून जास्त तरंगलांबीचा, दिसणारा प्रकाश बाहेर टाकत होते. फ्लोरस्पार या खनिजावरून त्यांनी या गुणाला फ्लोरेसेन्स असे नाव दिले.

पुढे ३१ वर्षे ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. इतरांचे निबंध तपासण्यात त्यांचे स्वतःचे संशोधन मागे पडले, याचे मला वाईट वाटते. १ फेब्रुवारी १९०३ रोजी ते वारले.

छापलेली चमकती खूण घड्या आणि ओरखड्यांनी झिजते. म्हणून आता युरोपियमसारख्या धातूंनी चमकणारी अशी बहुलके बनवली जात आहेत, ज्यांचे तुटलेले बंध पुन्हा जुळतात आणि चीर आपोआप भरते.

खोटी नोट बँकेने जप्त केली. बदली पैसे मिळत नाहीत. फोनवर बाबांना सगळे सांगितले, तर त्यांनी विचारले, तो दिवा केवढ्याला मिळतो?