टर्बोची आयडिया आली १९०५ मध्ये, पण गणित जमायला २० वर्षं गेली

आंबोली घाट चढताना डिझेल गाडीच्या बॉनेटखालून बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. तो टर्बोचा आवाज. आता सिंधुदुर्गात काय किंवा कोल्हापुरात काय, या टर्बोचा बूस्ट जरा वाढवून द्या म्हणणारी पोरं गॅरेजवर रोज येतात. पण ज्या माणसाने टर्बो शोधला, त्याची अर्धी हयात हा बूस्ट इंजिनला पेलेल कसा, हेच शोधण्यात गेली.

त्याचं नाव आल्फ्रेड ब्युखी. जन्म ११ जुलै १८७९, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावात. हे गाव म्हणजे सुल्झर कंपनीचं गाव आणि वडील त्याच कंपनीत वरच्या पदावर. त्यामुळे इंजिनं त्याने लहानपणापासून बघितली. झुरिकमधून १९०३ मध्ये तो इंजिनिअर झाला आणि कामासाठी बेल्जियम, इंग्लंडला गेला.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आपण टाकलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते. म्हणजे पैसे भरायचे आणि धुरावाटे सोडून द्यायचे! मग या धुराच्याच जोरावर एक चक्र फिरवलं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवलं आणि त्याने इंजिनमध्ये जास्त हवा कोंबली तर? १९०५ मध्ये त्याने यासाठी जर्मन पेटंटचा अर्ज केला. वय होतं २६.

१९०९ मध्ये तो सुल्झरमध्ये आला, डिझेल इंजिनांवर प्रयोग सुरू झाले. पण वर्षांमागून वर्षं गेली तरी कारखान्यात बनवावं असं इंजिन काही हाती येईना. खरी अडचण उष्णतेची होती. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, पण त्यातून वाढणारी उष्णता पिस्टन आणि व्हॉल्व्हने सोसायची कशी?

उत्तर सापडलं १९२५ मध्ये. त्याने सिलेंडरचा धूर वेगवेगळ्या पाइपांमधून टर्बाइनपर्यंत नेला, म्हणजे एकाचा धूर दुसऱ्याला आडवा येत नाही. शिवाय आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे ठेवले. ताजी हवा सिलेंडर धुऊन बाहेर पडायची आणि भाग थंड राहायचे. ताकद ४० टक्क्यांहून जास्त वाढली. त्याच सुमारास ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांना टर्बो लागला आणि १७५० हॉर्सपॉवरचं इंजिन २५०० वर गेलं.

आजचा बूस्ट वाढवतानाही हिशोब हाच. पेट्रोल इंजिनात हवा वाढवली आणि त्या मापात पेट्रोल वाढलं नाही, तर मिश्रण पातळ होतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. डिझेलचं थोडं उलटं आहे. तिथे हवा कमी आणि डिझेल जास्त झालं की काळा धूर येतो, एक्झॉस्ट तापतं आणि टर्बो जातो. (काळा धूर म्हणजे पॉवर, असं समजणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.) जुन्या टर्बो डिझेलच्या पंपावर यासाठीच एक पडदा असतो, बूस्ट चढेल तसं तो डिझेल वाढवतो. नव्या गाडीत हे काम ईसीयू करतो.

म्हणून चांगला मेकॅनिक आधी फिल्टर, पंप, इंजेक्टर बघतो. जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, त्यानंतर. तीही थोडीथोडी, बूस्ट आणि एक्झॉस्टच्या तापमानाच्या मीटरवर नजर ठेवून. मालवणच्या सपाट रस्त्यावर सगळं छान वाटतं, घाटात सलग लोड आला की खरं काय ते कळतं.

ब्युखी २७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूरलाच गेला. तोवर जहाजं, रेल्वे इंजिनं आणि ट्रकमध्ये टर्बो पोहोचला होता. कार तेवढी राहिली होती. ती अमेरिकेत १९६२ मध्ये आली. त्यातल्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायचे. त्याची टाकी मालकाने भरायची होती. लोक ती भरायला विसरायचे, मग सुरक्षेची झडप बूस्ट तोडायची आणि गाडीत दमच नाही अशी तक्रार यायची. शेवटी कंपनीने अशा गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला सुरुवात केली.