नोटेवरची सही

गंगाखेडच्या आमच्या जुन्या घरात आजीची एक पत्र्याची पेटी होती. आजी गेल्यावर ती आईकडे आली. परवा साफसफाई करताना आई आणि मी ती उघडून बसलो. वर दोन इरकली लुगडी, खाली कापडाचं गाठोडं. गाठोड्यात चारमिनार असलेले चांदीचे तीन रुपये, भोक पाडलेले काही तांब्याचे पैसे आणि घडी घालून घालून चिरलेली निजामाची एक नोट. उर्दू अक्षरांच्या जोडीला तिच्यावर मराठीतही रक्कम छापलेली.

आई म्हणाली, ही नोट आजीनं दादांना न सांगता बाजूला टाकली होती. हाली रुपया बंद होऊन कलदार आला, तेव्हा ती बदलून घ्यायला हवी होती. पण बदलायला द्यायची तर घरात सांगावं लागणार. सांगितलं तर आजवर लपवली का, हे विचारलं जाणार. आजी गप्प बसली. मुदत गेली आणि नोटेचा कागद झाला. चांदीच्या रुपयांना निदान सोनाराकडे भाव होता, नोटेला कुठेच नव्हता.

मैत्रिणींनो, २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा डाळीच्या डब्यातून, देव्हाऱ्याखालून, साड्यांच्या घडीतून किती जणींच्या नोटा बाहेर आल्या, ते आठवतंय ना? तेव्हा मला आजीच्याच पेटीची आठवण झाली होती. नोट म्हणजे खरं तर एक वचन. एवढे रुपये धारकाला देईन, असं बँकेच्या गव्हर्नरनं सहीनिशी लिहून दिलेलं असतं. ते वचन आहे तोवर त्या कागदाला किंमत. म्हणून वाटलं, आपल्या नोटेवर सही करणारा पहिला भारतीय माणूस कोण होता, ते आज सांगावं. तो माणूस मराठी होता. त्यांचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. सगळ्यांच्या तोंडी सी. डी. देशमुख.

१४ जानेवारी १८९६, म्हणजे ऐन संक्रांतीच्या दिवसांत, रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते या गावी त्यांचा जन्म झाला. त्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. वडील द्वारकानाथ वकील, आई भागीरथीबाई. मुलगा असा हुशार की १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानंच पटकावली. पुढे केंब्रिजला गेला तो विज्ञान शिकायला. वनस्पतिशास्त्रात तिथलंही बक्षीस मिळवलं. १९१८ मध्ये लंडनला आयसीएसची परीक्षा दिली आणि तिथेही पहिला नंबर. साहेबांच्या देशात, साहेबांच्या परीक्षेत!

१९२० मध्ये रोझिना या इंग्रज मुलीशी त्यांचं लग्न झालं. त्यांना प्रिमरोज नावाची मुलगी झाली. भारतात परतल्यावर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांनी जवळजवळ वीस वर्षं सरकारी नोकरी केली. जमीन महसूल, शेतसारा, प्रांताचा जमाखर्च, असं सगळं पाहिलं. पैसा त्यांनी पहिल्यांदा ओळखला तो असा शेताच्या बांधावरून.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. ही बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली होती आणि तोवर तिचे गव्हर्नर गोरेच होते. ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख गव्हर्नर झाले, तेव्हा वय ४७. देश पारतंत्र्यात होता. नोटेवर सहाव्या जॉर्ज राजाचं चित्र आणि त्याच नोटेवर सही मात्र एका कोकणी माणसाची. विचार करा, पुढची सहा वर्षं दोन, पाच, दहा, शंभर अशा नव्या नोटा ही सही घेऊन देशभर फिरत होत्या.

काळ मात्र मोठा कठीण होता. दुसरं महायुद्ध चालू होतं. चांदी कमी पडली म्हणून रुपयातली चांदी घटवावी लागली, एक रुपयाची नोट पुन्हा काढावी लागली, दोन रुपयांची नोट नव्यानं आली. तांबंही पुरेना म्हणून १९४३ पासून पैशाला मधोमध भोक पडलं. आजीच्या गाठोड्यातले भोकाचे पैसे ते हेच. आपल्या आज्यांना त्याची सोयच झाली, दोऱ्यात ओवून ठेवता यायचे. युद्धात जपान्यांनी हुबेहूब खोट्या नोटा काढल्या. मग नोटेच्या कागदात सुरक्षेचा धागा आला, राजाचं बाजूनं काढलेलं चित्र जाऊन समोरून पाहणारा चेहरा आला. आजही भाजीवाल्या मावशी नोट उजेडाकडे धरून जो धागा बघतात, तो आपल्याकडे त्या युद्धामुळे आला.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स इथे मोठी परिषद भरली. युद्धानंतर जगाचा पैशाचा व्यवहार कसा चालावा हे तिथे ठरायचं होतं. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी तिथूनच निघाले. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. गरीब देशांच्या विकासाचाही विचार व्हावा, हा मुद्दा भारतीयांनी तिथे लावून धरला. जानेवारी १९४६ मध्ये हजार आणि दहा हजारांच्या नोटा बाद झाल्या, त्याही ते गव्हर्नर असतानाच. म्हणजे नोटबंदी काही २०१६ मध्येच पहिल्यांदा झाली नाही.

मग फाळणी आली. भांडीकुंडी, शेतीवाडी वाटली जाते तसं बँकेतला पैसाही वाटावा लागला. जून १९४८ संपेपर्यंत रिझर्व्ह बँकेनं पाकिस्तानचाही कारभार पाहिला. त्यांच्या सुरुवातीच्या नोटा आपल्या नाशिकच्या छापखान्यातच निघाल्या. नोटा आपल्याच, फक्त त्यांच्यावर पाकिस्तान सरकारचं नाव छापलेलं. घर फुटल्यावर दोन्ही भावांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या कारभाऱ्यासारखं हे काम होतं. १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँक सरकारी झाली आणि त्याच वर्षी जूनअखेर देशमुख गव्हर्नरपदावरून उतरले. त्याच वर्षी रोझिनाही गेल्या.

१९५० च्या जूनमध्ये पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. आपल्या हातातल्या पैशाचं रूप खऱ्या अर्थानं बदललं ते या काळात. नव्या नोटांवर राजाऐवजी गांधीजींचं चित्र घ्यावं, असा आधी विचार होता, तशी चित्रंही तयार झाली होती. शेवटी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे सिंह ठरले. दहाच्या नोटेवर शिडाचं जहाज आलं, शंभरावर हत्ती. १५ ऑगस्ट १९५० ला प्रजासत्ताकाची पहिली नाणी निघाली. रुपयावरचा वाघ गेला आणि तिथे धान्याच्या ओंब्या आल्या. आण्यावर बैल आला, पैशावर घोडा. राजाचं तोंड जाऊन ओंबी आणि बैल, म्हणजे आपल्या शेतातलंच की सगळं!

नोटांवर हिंदी ठळक आलं ते १९५३ मध्ये. तेव्हा रुपयाचं अनेकवचन हिंदीत काय लिहायचं यावरही चर्चा झाली आणि रुपये हे रूप ठरलं. आज नोटेवरच्या भाषांच्या पट्टीत आपली मराठी आठव्या ओळीत आहे. खरं वाटत नसेल तर पर्समधली नोट काढून बघा.

पण आपल्याकडे मराठवाड्यात गोष्ट वेगळी होती. निजामाच्या संस्थानात हाली शिक्का चालायचा, कागदी नोटाही १९१८ पासून निजामाच्याच. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, तरी चलन एका रात्रीत कसं बदलणार? १९५० पासून हालीबरोबर कलदारही चालू लागला. भाव ठरला सात हाली रुपयांना सहा कलदार. गोदाकाठच्या आठवडी बाजारात कोथिंबिरीची जुडी घेतानाही बायकांना हा सात-सहाचा हिशेब करावा लागत असेल. शाळेत न गेलेल्या आज्या तो तोंडी करायच्या. हळूहळू हाली मागे पडला आणि १९५९ साली कायमचा बाद झाला. आजीची नोट त्याच फेऱ्यात अडकली.

तेवढ्यात दुसरा हिशेब आला. पूर्वी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. १९५५ मध्ये, देशमुख अर्थमंत्री असताना, रुपयाचे शंभर पैसे करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून नया पैसा आला. पावलीचे पंचवीस आणि अधेलीचे पन्नास हे सोपं होतं, पण एका आण्याचे सव्वासहा पैसे कसे द्यायचे? तरी आपण शिकलोच. चार आण्याचं नाणं २०११ मध्ये चलनातून गेलं, पण सोळा आणे खरं हे आपण अजून म्हणतोच.

याच १९५५ मध्ये इम्पिरियल बँकेची स्टेट बँक झाली. शहरातली बँक लहान गावांपर्यंत पोचावी म्हणून पाच वर्षांत चारशे नव्या शाखा काढायचं ठरलं. मला हे काम नोटेवरच्या सहीपेक्षाही मोठं वाटतं. कारण बाईचा पैसा पेटीतून निघून तिच्याच नावाच्या पासबुकात जाण्याची वाट अशाच शाखांमधून निघाली.

या माणसाच्या आयुष्यात एक बाई आली तीही अशीच, स्वतःची वाट काढणारी. दुर्गाबाई. राजमहेंद्रीची मुलगी, आठव्या वर्षी लग्न लावून दिलेली. मोठी झाल्यावर तिनं तो संसार नाकारला. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये ही चौदा वर्षांची स्वयंसेविका दारावर उभी होती. तिकीट नाही म्हणून तिनं खुद्द नेहरूंना अडवलं होतं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेली, वकील झाली, आंध्र महिला सभा काढली, घटना समितीत बसली. २२ जानेवारी १९५३ रोजी चिंतामणराव आणि दुर्गाबाई यांचं नोंदणी पद्धतीनं लग्न झालं आणि साक्षीदार कोण, तर तेच नेहरू! त्याच वर्षी निघालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. शाळा सुटलेल्या मोठ्या बायकांनी पुन्हा शिकावं, यासाठी त्या आयुष्यभर झटल्या.

आणि मग १९५६ साल. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरत होतं. मुंबईत गोळीबार झाला, माणसं मेली. देशमुख कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेले होते. गोळीबाराची चौकशी व्हावी असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या माणसांवर अन्याय होत असताना त्या मंत्रिमंडळात बसणं त्यांना पटेना. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सांगितली. ज्या नेहरूंनी लग्नात साक्षीदार म्हणून सही केली, त्यांच्याच विरुद्ध बोलायचं होतं. घरच्यासारख्या माणसाशी भांडण किती जड जातं, ते आपल्याला ठाऊक आहे. पण ते बोलले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

खुर्ची गेली म्हणून ते घरी बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोग, मग दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, हरले. त्याच वर्षी, गांधीजींच्या जन्मशताब्दीला, नोटेवर पहिल्यांदा गांधीजी आले. १९७५ मध्ये नवराबायको दोघांनाही पद्मविभूषण मिळालं. आकड्यांत मुरलेल्या या माणसाचं मन मात्र संस्कृत काव्यात रमायचं. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणलं.

शेवटची वर्षं दोघांनी हैदराबादेत काढली. जिथून आजीची नोट निघाली होती, त्याच शहरात. १९८१ च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ ला, गांधीजयंतीच्या दिवशी चिंतामणरावही गेले.

आजीची नोट आईनं पुन्हा घडी करून गाठोड्यात ठेवली. टाकून देववेना. मी म्हटलं, तुझ्या डब्यात आता किती आहेत? आई हसली, सांगितलं मात्र नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं आधार कार्ड आणि दोन फोटो काढून ठेवले. आजवर खातं होतं ते बाबांच्या नावाचं, तिचं नाव त्यात दुसरं. सोमवारी आम्ही दोघी बँकेत जाणार आहोत, तिच्या एकटीच्या नावानं खातं काढायला. तिथे सही तिची असेल.