मार्गारेटबाईंचे शिवणयंत्र

भगिनींनो, शिवणयंत्राचे चाक उजव्या हाताला असते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. पण जिचा उजवा हातच अधू, तिने काय करावे?

जर्मनीतील गींगेन गावी २४ जुलै १८४७ रोजी मार्गारेट श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असताना पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले, उजव्या हातातही बळ राहिले नाही. अशी लेक पदरी असल्यावर कोणत्या आईला घोर लागणार नाही? लहान गाड्यात बसवून तिला शाळेत नेत. शिवण मात्र ती हट्टाने शिकली. पुढे घरात यंत्र आले, तेव्हा तिने ते उलट्या तोंडाने ठेवले नि डाव्या हाताने चाक फिरवू लागली! मला तर ही युक्ती तिच्या पुढच्या साऱ्या वैभवाहून मोठी वाटते.

१८७७ साली बाईंनी लोकरी नमद्याच्या कपड्यांचे दुकान काढले. मग मासिकातील नमुन्यावरून टाचण्या टोचण्यासाठी छोटे हत्ती शिवले. ते मुलांनीच खेळायला पळवले! तेव्हापासून खेळण्यांचा धंदा सुरू झाला. भाऊ फ्रिट्झ पाठीशी होता. पुतण्या रिखार्डने १९०२ साली हातपाय हलणारे अस्वल काढले. १९०७ ह्या एका वर्षात सुमारे पावणेदहा लाख अस्वले तयार झाली. कारखान्यात ४०० माणसे होती आणि आपापल्या घरी बसून काम करणारी १८००. चूल-मूल सांभाळून चार पैसे मिळवणे म्हणजे काय, हे आपण जाणतोच.

नवा नमुना बाई स्वतः पारखून घेत. ९ मे १९०९ रोजी त्या वारल्या. त्यांनी लग्न केले नव्हते. कारखाना पुतण्यांनी पुढे चालवला.