चांदबीबीचा किल्ला आणि तुमच्या कॉम्प्युटरचं स्कॅनिंग

घरच्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरसचं स्कॅन लावलं की स्क्रीनवर फाईलींची नावं भराभर पळत राहतात. हे सॉफ्टवेअर त्यात नक्की काय शोधतं? आणि एखादी फाईल वाईट आहे हे त्याला कळतं कसं? हे समजून घ्यायला मला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, चांदबीबीची गोष्ट सगळ्यात सोपी वाटते. चारशे वर्षांपूर्वीच्या या बाईनं कॉम्प्युटर पाहिला नव्हता हे उघडच आहे. पण भिंतीच्या आत लपलेला धोका शोधायचा कसा, हा प्रश्न तिच्यासमोरही होता.

निजामशाहीची लेक

चांदबीबी ही नगरच्या हुसेन निजामशाहाची मुलगी. 1942 मध्ये पंडित नेहरूंना ज्या भुईकोट किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं, त्याचा दगडी तट याच हुसेन निजामशाहानं बांधून घेतला. चांदबीबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशाहाशी झालं आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. 1580 मध्ये नवऱ्याचा खून झाला. गादीवर आलेला पुतण्या इब्राहिम तेव्हा फक्त 9 वर्षांचा होता, म्हणून कारभार चांदबीबीकडे आला. दरबारातल्याच एका सरदारानं, किश्वरखानानं, तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. पुढे तो पळाला आणि ती सुटली. धोका दरवेळी बाहेरूनच येतो असं नाही, हे तिला तेव्हाच कळलं असणार.

खबर मिळाली म्हणून सुरुंग सापडले

पुढे ती माहेरी नगरला परतली. 1595 मध्ये निजामशाहीत वारसाहक्कावरून भांडण पेटलं आणि एका गटानं चक्क मोगलांनाच मदतीला बोलावलं. अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला आणि किल्ल्याला वेढा पडला. तट मजबूत होता, म्हणून मोगलांनी जमिनीखालून खणून तटाच्या पायाशी दारूचे सुरुंग पेरले. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं.

मोगलांच्या छावणीतल्याच एका माणसानं ही खबर किल्ल्यात पोचवली. कुठे खणायचं हे कळल्यावर आतल्या लोकांनी दोन सुरुंग शोधून त्यातली दारू काढून टाकली.

अँटीव्हायरसची पहिली पद्धत अगदी अशीच आहे. बाहेर सापडलेल्या प्रत्येक व्हायरसची खूण कंपन्या नोंदवून ठेवतात. तिला सिग्नेचर म्हणतात. कधी ती कोडमधला ठरावीक तुकडा असते, तर कधी हॅश, म्हणजे पूर्ण फाईलवरून गणितानं काढलेला एक लांबलचक आकडा. स्कॅनर तुमची फाईल वाचतो आणि खुणांच्या यादीशी ताडून बघतो. क्विक स्कॅन मेमरी, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम आणि सिस्टीमचे महत्त्वाचे फोल्डर तपासतो. फुल स्कॅन सगळी ड्राइव्ह पालथी घालतो, बहुतेक वेळा झिप फाईल उघडून आतलंही बघतो, म्हणून त्याला तास-दोन तास लागू शकतात. यादी जुनी असेल तर नवा व्हायरस समोर असूनही ओळखू येत नाही. म्हणून ते रोजचं अपडेट टाळायचं नसतं.

स्कॅनर फाईलच्या नावावर विसंबत नाही. नगरजवळच्या डोंगरावरच्या दगडी इमारतीला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात, पण ती खरं तर सलाबतखान या मंत्र्याची कबर आहे. तसंच फोटो असं नाव दिलेली फाईल आतून प्रोग्रॅम असू शकते. म्हणून स्कॅनर आतला मजकूर वाचतो.

तिसरा सुरुंग

तिसऱ्या सुरुंगाचा शोध चालू असतानाच तो उडाला. शोधणारे मेले आणि तटाला मोठं खिंडार पडलं. बाकीचेही सुरुंग उडतील म्हणून मोगल थोडे थांबले. तेवढ्यात चांदबीबी हातात तलवार घेऊन स्वतः खिंडारात आली. दिवसभर लढाई झाली आणि रात्रीत खिंडार बुजवलं गेलं. शेवटी 1596 मध्ये तह झाला. वऱ्हाड गेलं, पण नगर वाचलं.

यादीत नसलेला व्हायरस म्हणजे हा तिसरा सुरुंग. व्हायरस लिहिणाऱ्यानं कोडमध्ये किंचित बदल केला तरी हॅश पूर्ण बदलतो. अशा वेळी अँटीव्हायरस वागणूक बघतो. एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फाईलींना कुलूप लावायला लागला, तर त्याचं नाव यादीत नसलं तरी त्याला थांबवलं जातं. आणि खिंडार बुजवणं म्हणजे विंडोजचं सिक्युरिटी अपडेट. ते केलं नाही, तर त्याच वाटेनं पुन्हा कुणीतरी आत येणार.

आपलीच माणसं ओळखता आली नाहीत

मोगल पुन्हा आले. किल्ला आता टिकणार नाही हे दिसत होतं. लहानग्या बहादूरशाहाचा जीव वाचावा म्हणून बोलणी करावीत, असं चांदबीबीच्या मनात होतं. पण ती मोगलांना फितूर झाल्याची हाकाटी किल्ल्यात पिटली गेली. खातरजमा कुणी केली नाही. चिडलेल्या जमावानं 1600 साली तिला ठार केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि बहादूरशाहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

चांगल्या फाईलला व्हायरस ठरवणं याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. 21 एप्रिल 2010 ला मॅकॅफीच्या एका चुकीच्या अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक गरजेची फाईल व्हायरस समजून काढून टाकली. जगभरात कितीतरी कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले. व्हायरस कुठेच नव्हता, नुकसान राखणदारानंच केलं.

म्हणूनच अँटीव्हायरसमध्ये क्वारंटाइन असतं. संशयित फाईल लगेच नष्ट न करता चालू शकणार नाही अशा रूपात वेगळी ठेवली जाते. चूक निघाली तर ती परत आणता येते. चांदबीबीला ही संधी मिळाली नाही.

मग तुम्ही काय करायचं?

धोका सापडल्याचा मेसेज आला तर घाबरून डिलीट दाबू नका. क्वारंटाइन निवडा, फाईल कुठून आली ते आठवा, यादी अपडेट करून पुन्हा स्कॅन करा. उलट, गेमचा क्रॅक चालावा म्हणून अँटीव्हायरस बंद करायला कुणी सांगितलं तर ते ऐकू नका. आणि वेबसाइटवर मध्येच उगवणारा, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये इतके व्हायरस सापडले असं ओरडणारा बॉक्स हा स्कॅन नसतोच. वेबपेजला तुमची ड्राइव्ह अशी तपासता येत नाही. ती निव्वळ हाकाटी आहे. तो टॅब बंद करा आणि स्वतःच्या अँटीव्हायरसमधून स्कॅन लावा.