विद्या, सत्ता आणि तिजोरी

विद्वानाने राजकारणात पडू नये, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे चरित्र याविषयी काही निराळेच सांगते. १८७६ साली दापोली तालुक्यातील मुर्डी येथे जन्मलेले परांजपे आपले आप्त धोंडो केशव कर्वे यांच्या आधाराने शिकले. १८९९ साली ते केंब्रिजचे पहिले भारतीय सीनिअर रँग्लर ठरले. परत येऊन त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले आणि दीर्घकाळ प्राचार्यपद सांभाळले.

१९२१ साली नेमस्त पक्षाचे हे प्राध्यापक मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण नगरपालिका व लोकल बोर्डांकडे आले आणि सक्तीच्या शिक्षणाची वाट खुली झाली. परंतु द्विदल राज्यपद्धतीत अर्थखाते राखीव होते. शाळा मंत्र्याच्या, तिजोरी गव्हर्नरची! साहजिकच सक्ती बहुतांशी कागदावर राहिली.

पुढे लंडनमधील इंडिया कौन्सिलचे सभासदत्व, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियातील भारताचे हायकमिशनरपद त्यांनी भूषविले. १९६६ साली त्यांचे निधन झाले. विद्वानाला पद दिले, पण पैसा दिला नाही, तर अपयशाचा दोष विद्वत्तेच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.