रंगो बापूजी : साताऱ्याचा लंडनमधील वकील

रंगो बापूजी गुप्ते हे छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे निष्ठावंत सेवक. १८१९ च्या तहाने इंग्रजांनी साताऱ्याची गादी महाराजांना दिली होती. पुढे गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधल्यासारखे आरोप ठेवून, बचावाची पुरेशी संधी न देता, १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले.

दाद मागण्यासाठी रंगो बापूजींनी लंडन गाठले आणि १४ वर्षे कंपनीचे व पार्लमेंटचे दार ठोठावले. जॉर्ज थॉम्प्सन, जोसेफ ह्यूम असे इंग्रजही त्यांच्या बाजूने बोलले. परंतु न्याय देणे म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरची चूक कबूल करणे होते. तह दोन सत्तांचा, पण तिसरा पंच कोणी नव्हता; ज्याच्याविरुद्ध फिर्याद, तोच न्यायाधीश! १८४७ मध्ये महाराज काशीसच निवर्तले. नंतर दत्तक नामंजूर होऊन राज्यही खालसा झाले.

रिकाम्या हाताने परतलेल्या या वकिलाने मग अर्जाचा मार्ग सोडून उठावाची तयारी केली. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड झाला. त्यांत त्यांचा पुत्र सीताराम होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

आज संयुक्त राष्ट्रसंघ आहे. पण १९४५ पासून सुरक्षा परिषदेत पाच राष्ट्रांना नकाराधिकारही आहे. १९६१ मध्ये गोवाप्रश्नी रशियाने तो वापरला, तेव्हा तो आपल्या पथ्यावर पडला. परंतु बड्या राष्ट्राचे हित आड येते, तेव्हा दुबळ्या फिर्यादीच्या वाट्याला रंगो बापूजींची ती १४ वर्षेच येतात.