लोखंडी हाताचा सरदार

सन १५०४. बव्हेरियातील वारसायुद्धात लँड्सहूट शहरासमोर लढाई जुंपली होती. ड्यूक आल्ब्रेख्तच्या बाजूने लढणाऱ्या एका तरुण सरदाराच्या तलवारीवर तोफेचा मारा बसला आणि त्याच धक्क्याने त्याचा उजवा हात मनगटाजवळ तुटला. वय अवघे चोवीसच्या आसपास. तलवारीवर पोट भरणाऱ्याचा उजवा हात जाणे म्हणजे धंदाच बुडणे! ग्योट्झ फॉन बर्लिशिंगेन मात्र त्यानंतर चाळीस वर्षे लढत राहिला.

त्याने लोखंडी हात बनवून घेतला. डाव्या हाताने बोटे वाकवली की ती आतील दातेरी चाकांवर अडकून बसत आणि कळ दाबताच सुटत. घोड्याचा लगाम धरण्यास हे पुरेसे होते. त्याच्या नावे सांगितले जाणारे दोन लोखंडी हात याग्स्टहाउझेनच्या गढीत जपलेले आहेत.

ग्योट्झ जन्मला तो काळच सरदारांच्या ऱ्हासाचा होता. तोफा-बंदुका आणि पगारी पायदळापुढे चिलखती घोडेस्वाराचे मोल उतरले होते. पैसा व्यापारी शहरांकडे गेला होता. सरदारांच्या हाती उरला होता तो खासगी वैराचा जुना हक्क. सम्राट मॅक्सिमिलियनने १४९५ मध्ये तोही कायद्याने बंद केला. ग्योट्झने हा कायदा कधी मनावर घेतला नाही. स्टुटगार्टच्या एका शिंप्याला नेमबाजीचे बक्षीस कोलोन शहराने दिले नाही, एवढ्या कारणावरून त्याने त्या शहराशी वैर मांडले. न्याय हे निमित्त आणि खंडणी हा हेतू, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही. १५१२ मध्ये लाइपझिगच्या जत्रेहून परतणाऱ्या न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांना त्याने लुटले, तेव्हा सम्राटाने त्याचे कायद्याचे संरक्षणच काढून घेतले. १४ हजार गुल्डेन भरण्याचे कबूल केल्यावर १५१४ मध्ये त्याची सुटका झाली. दोनच वर्षांनी त्याने वाल्डेकच्या काउंटला पळवले! १५१९ मध्ये ड्यूक उलरिखसाठी म्योकम्यूलचा किल्ला लढवताना तो पकडला गेला आणि १५२२ पर्यंत हाइलब्रॉनमध्ये अडकून पडला.

त्याच्या आयुष्यातील खरा वादाचा भाग १५२५ चा आहे. वेठ, कर आणि जमीनदारी जुलमाविरुद्ध जर्मन शेतकरी उठले होते. ओडेनवाल्डच्या शेतकऱ्यांना युद्ध जाणणारा म्होरक्या हवा होता. त्यांनी ग्योट्झला नेतृत्व दिले. आपल्यावर ते लादले गेले, असे तो पुढे सांगत राहिला. वाइन्सबर्ग येथे शेतकऱ्यांनी सरदारांची कत्तल केल्याला तेव्हा काही दिवसच झाले होते, त्यामुळे त्याच्या भीतीत तथ्य असावे. त्याने मागण्या सौम्य करण्याचा प्रयत्नही केला. पण महिनाभराची मुदत संपताच तो निघून गेला, तो निर्णायक लढाईच्या तोंडावर. जूनच्या आरंभी क्योनिग्सहोफेन येथे त्या शेतकऱ्यांची धूळधाण उडाली. सरदारांच्या लेखी तो बंडखोर ठरला आणि शेतकऱ्यांच्या लेखी पळपुटा.

श्पायरच्या सभेने १५२६ मध्ये त्याला दोषमुक्त केले. तरीही श्वाबियन संघाने जुना हिशेब चुकता करण्यासाठी १५२८ मध्ये त्याला आउग्सबुर्गला बोलावून कैदेत टाकले. १५३० मध्ये सुटला, तो स्वतःच्या हॉर्नबर्ग किल्ल्याची हद्द न ओलांडण्याच्या अटीवर. दहा वर्षांनी सम्राट पाचव्या चार्ल्सने ही बंदी उठवली, ती अर्थातच गरजेपोटी. १५४२ मध्ये साठी उलटलेला हा सरदार तुर्कांविरुद्ध हंगेरीत, तर १५४४ मध्ये फ्रान्सच्या मोहिमेत होता.

उतारवयात त्याने आत्मवृत्त सिद्ध केले. ते वाचताना १५२५ चा ठपका पुसण्याची धडपड जाणवते. २३ जुलै १५६२ रोजी, ऐंशी ओलांडून, हॉर्नबर्गवर त्याचे निधन झाले. आत्मवृत्त छापले गेले ते १७३१ मध्ये. ते तरुण गटेच्या हाती पडले आणि १७७३ मध्ये त्याचे नाटक प्रसिद्ध झाले. गटेचा ग्योट्झ स्वातंत्र्यवीर आहे आणि तो बंदिवासातच प्राण सोडतो. खंडणीखोर बाजूला पडला. नाटकातील त्याचे एक अश्लील प्रत्युत्तर तर जर्मनीत त्याच्या नावानेच ओळखले जाते! या प्रतिमेचा वापर कोणी कसा करावा, यावर कुणाचाच ताबा राहिला नाही. १९४३ मध्ये नाझींनी आपल्या एका एसएस डिव्हिजनला त्याचेच नाव दिले. याग्स्टहाउझेनच्या गढीत १९५० पासून भरणाऱ्या नाट्यमहोत्सवाचा मानबिंदू मात्र गटेचे तेच नाटक राहिले आहे.